काचेच्या ग्लासातली धार

पिपलानीतल्या आमच्या कारखान्याच्या जुन्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीत तो खिळा अजून आहे. छप्पर अर्धं खाली आलंय, मोरीत पिंपळ उगवलाय, दाराची चौकट कोणीतरी उपटून नेली, पण खिळा जागचा हललेला नाही. मीच ठोकला होता. कारखान्यातला नव्हे, बाजारातून आणलेला, हे आधीच सांगून ठेवतो. त्याच्यावर रोज सकाळी आरसा लागायचा आणि त्या आरशात पाहून मी दाढी करायचो. मागच्या महिन्यात तिथं जाऊन उभा राहिलो तेव्हा माझ्या गालावर नऊ दिवसांची पांढरी खुंटं होती. सवयीनं मान वर करून पाहिलं. आरसा नाही, नुसता खिळा. एका परीनं बरंच झालं.

नऊ दिवस दाढी का वाढली ते सांगतो, नाहीतर लोक समजतील घरात कोणी गेलं. माझा रेझर लपवून ठेवला होता. लपवणारी आमची कमल, म्हणजे माझी बायको. पन्नास वर्षांहून जास्त संसार झालाय, तेव्हा तिनं लपवलेली वस्तू सापडत नसते हे मला ठाऊक आहे. कारण एवढंच, की माझी हनुवटी कापली. थोडीशी. पण डॉक्टरांनी मला रक्त पातळ करायची गोळी लावलेली आहे, त्यामुळे रक्त थांबेना, टॉवेल खराब झाला, आणि टॉवेल नवा होता. पुण्याच्या मुलाला फोन गेला. आमची नात रेवा आमच्याजवळच राहते, एमपी नगरात एका कोचिंगमध्ये गणित शिकवते. ती म्हणाली, "आजोबा, बस. अब से कार्ट्रिजवाला. नो डिस्कशन." कमल काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हाच काम करते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोनाडा रिकामा.

"रेझर कुठाय?" मी विचारलं.

"तो काय, उभा आहे."

बेसिनवर रेवानं दिवाळीला दिलेला उभा होता. निळ्या रबराचा, पाच ब्लेडांचा.

"तो माझा नाही. माझा मिळेपर्यंत मी दाढीला हात लावणार नाही."

"नका लावू. थंडी पडायला लागलीय, ऊब राहील."

असा आमचा करार झाला.

माझा रेझर सासऱ्यांनी लग्नात दिलेला. पितळी, वरून चकाकी चढवलेला, निळ्या मखमलीच्या डबीत. तीन तुकडे. वरची टोपी, खालची जाळी आणि दांडी. मधे ब्लेड ठेवायचं, दांडी पिळायची, झालं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळं उघडून समोर ठेवता येतं. काही वर्षांनी पिळून पिळून दांडीचे आटे गेले, तेव्हा नवी दांडी मी स्वतः केली.

मी टरबाइनच्या कारखान्यात टूल रूममध्ये होतो. लोखंड कापणारी हत्यारं बोथट झाली की माझ्या ग्राइंडरवर यायची आणि तिखट होऊन जायची. शिक्षण माझं चौथीपर्यंत, तेही वर्ध्याकडच्या खेड्यातलं, पण धारेचा प्रश्न आला की इंजिनियर लोक माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहायचे. असो. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत पितळेचा भंगारातला तुकडा लेथवर लावला, दांडी काढली, ओली बोटं घसरू नयेत म्हणून तिच्यावर जाळीदार खाचा पाडल्या. शेवटचा आटा पाडत होतो आणि मागे फोरमन शर्माजी.

"वानखेडे, ये कौन-सी टरबाइन का पुर्जा है?"

खोटं बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "दाढ़ी की टरबाइन का, साहब."

त्यांनी दांडी उचलली, खाचांवरून अंगठा फिरवला, खिशात घातली आणि निघून गेले. नोकरी गेली असं समजून मी घरी आलो. कमलला सांगितलं तर ती म्हणाली, "दाढी वाढवली असती तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी शर्माजींनी दांडी परत आणली. "बढ़िया है. एक हमारी भी. वज़न ज़रा ज़्यादा रखना." त्या वर्षाच्या शेवटी आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या सात जणांच्या रेझरला माझ्या हातच्या दांड्या होत्या. आठवी फोरमनच्या घरी.

हिवाळ्यातल्या त्या सकाळी आता कुठे मिळत नाहीत. बंबात लाकडाच्या ढलप्या, त्यांचा डोळ्यांत जाणारा धूर, तांब्यातलं कढत पाणी. ॲल्युमिनियमच्या वाटीत साबण घोळवला की त्याचा वास धुरात मिसळायचा. गरम पाण्यात बुडवलेल्या पितळेला ओल्या नाण्यासारखा वास येतो, तो त्यात. आणि शेवटी तुरटीचा थंडगार, जिभेला आंबट वाटेल असा वास. तुरटी गालावर लागली की कुठे कुठे कापलंय त्याची हजेरी लागायची. उन्हाळ्यात फेस अर्ध्या गालावरच वाळायचा. पावसाळ्यात ब्लेड एका दिवसात गंजायचं, म्हणून ते खोबरेल तेलाच्या बाटलीत बुडवून ठेवायचो. चार महिने माझ्या गालांना खोबऱ्याच्या वड्यांचा वास. कमल म्हणायची, तुमच्याजवळ आलं की श्रावण आल्यासारखं वाटतं. हे तिनं एकदाच म्हटलं होतं, पण म्हटलं होतं.

कारखान्याचा भोंगा सकाळी तीनदा व्हायचा. आमच्या क्वार्टरांच्या मागच्या भिंती छातीएवढ्या, एकाला एक लागून. पहिला भोंगा झाला की सगळी लाइन आरसे लावून उभी, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याचं फक्त डोकं दिसायचं, तेही फेसानं माखलेलं. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत फेस. दाढी नरम व्हायला तेवढा वेळ द्यायचाच, हे आमच्या लाइनीचं शास्त्र. दुसरा झाला की सगळे रेझर एकदम गालावर. खर्र, खर्र. सात गालांचा तो आवाज मी अजून ओळखीन. शेजारचे सिद्दीकीभाई लांब ओढायचे, पलीकडचे दोघं तुटक. तिसरा झाला की सायकलवर. घड्याळं नव्हती असं नाही, पण घड्याळ पाहून दाढी करणारा आमच्यात हलका समजला जायचा.

एका धुक्याच्या सकाळी पहिला भोंगा झाला आणि दुसरा होईचना. आम्ही फेस लावून उभे.

"को खाँ, बजा के नईं?" सिद्दीकीभाईंनी भिंतीवरून विचारलं.

"नहीं बजा."

"तो अभी टैम है." त्यांनी फेसाचा दुसरा हात चढवला. मग मीही. मग सगळ्यांनीच.

धुकं विरलं. ऊन चिंचेच्या शेंड्यावरून भिंतीवर आलं. कमल दारात येऊन म्हणाली, "अहो, आठ वाजून गेले."

"भोंगा झालेला नाही."

ती आत गेली आणि घड्याळच घेऊन आली. माझ्या नाकासमोर धरलं.

"पुढे असेल," मी म्हणालो.

त्या सकाळी सात घरांतून सात घड्याळं बाहेर आली आणि सातही पुढे निघाली. तोवर फेसाचं पापुद्र्यासारखं वाळवण झालेलं, गाल इतके ताणलेले की हसायचं म्हटलं तरी जमेना. शेवटी सायकलवरून जाणाऱ्या दूधवाल्यानं सांगितलं की भोंगा बिघडलाय, कारखाना केव्हाच सुरू झाला. कोणी एक गाल केला, कोणी नुसता पुसला, आणि आम्ही सगळे धावलो. गेटवर लेट येणाऱ्यांची यादी घेऊन शर्माजी उभे. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्यांच्याकडे. त्यांच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांवर फेस वाळलेला होता. यादी घडी होऊन खिशात गेली. त्या दिवशी लेट कोणालाच लागला नाही.

ब्लेडचं आयुष्य आमच्या घरी माणसासारखं असायचं. आधी नोकरी, मग पेन्शन, पण रिकामं कधी नाही. सात दाढ्या झाल्या की ब्लेड बोथट व्हायचं. मग काचेचा साधा ग्लास घ्यायचा, आत दोन थेंब पाणी, ब्लेड आतल्या गोलाईला टेकवायचं, वर बोट, आणि घासायचं, इकडे तिकडे, इकडे तिकडे. मग पालटून दुसरी बाजू. काच हळू कुरकुरते आणि नंतर गप्प होते. गप्प झाली की धार आली. असं एक ब्लेड मी महिनाभर चालवायचो. लाइनीतले लोक आपापली ब्लेडं कागदात गुंडाळून माझ्या भिंतीवर ठेवून जायचे.

माझ्याकडून निवृत्त झालं की ब्लेड कमलकडे. ती कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, त्याहून जास्त उसवायची, कारण बायका जाड होतात. जुनं ब्लेड तिच्या शिवणयंत्राच्या खणात जायचं आणि टाके उसवायचं. त्या खणाला मात्र मला बंदी. मी एकदा तिच्या कापडाच्या कात्रीनं पत्रा कापला होता. पत्रा चांगला कापला गेला, पण त्यानंतर त्या खणाला माझा हात लागलेला नाही.

आता रेवाच्या रेझरबद्दल. तिनं प्रेमानं दिला, म्हणून प्रामाणिकपणे वापरून पाहिला. खोटं बोलणार नाही, दाढी झाली. कापलं नाही, सोललं नाही. पण आवाज नाही. माझ्या रेझरला कोन हातानं शोधावा लागतो. जरा चुकला की आवाज बदलतो, तो ऐकायचा आणि मनगट फिरवायचं, ग्राइंडरवर करायचो तसंच. याची मान स्वतःच हलते. तुम्ही रेझर कसाही धरा, तो हो म्हणतो. असे होयबा मी कारखान्यात पुष्कळ पाहिले, ते सगळे माझ्याआधी प्रमोशन घेऊन गेले. शिवाय पाच ब्लेडांच्या फटीत केस अडकतात, नळाखाली आपट आपट आपटायचं. माझा उघडला, पाण्यात बुडवला, लख्ख. आणि वजन. माझा हातात आहे हे कळतं. याला खाली पाहून खात्री करावी लागते.

पाचव्या दाढीला तो ओढायला लागला. म्हटलं, धार लावू. चष्मा चढवला, पक्कड घेतली आणि त्याचं डोकं सोडवलं. आत पाच ब्लेडं, नखाच्या कापासारखी. बोट टेकवायला जागा नाही, धरायला भोक नाही. ग्लासात घातली तर दोन साबणाच्या वाटीत उडाली, दोन माझ्या बनियनवर, आणि पाचवं अजून सापडलेलं नाही. चार दिवस कमलनं सगळ्यांना घरात चपला घालून फिरायला लावलं.

"आजोबा, ते फेकायचं असतं," रेवा म्हणाली. "नवीन डोकं लावायचं, पुराना फेक देना. इतकं सिंपल आहे."

"धार गेली म्हणून फेकायचं?"

"हो."

"मग मी पस्तीस वर्षं कारखान्यात काय केलं?"

नवीन डोकं तिनं लावून ठेवलं. मी परत माझ्या रेझरकडे गेलो, आणि त्याच आठवड्यात ती हनुवटी.

लोक म्हणतात माझा हात हलतो. सकाळी चहाच्या आधी थोडा हलतो, एवढंच. चहानंतरही कधी कधी.

दाढीची गोष्ट घरातल्या घरात मिटली असती, पण नोव्हेंबर आला. आम्हा पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. बोटाच्या मशीनवर माझं बोट लागतच नाही, ग्राइंडरनं ठसे कधीच खाल्ले. म्हणून रेवा फोनवर चेहरा दाखवून ते काम करते. नवव्या दिवशी सकाळी तिनं मला खिडकीसमोर बसवलं.

"आजोबा, सरळ बघा. पापणी मिटा. परत. हलू नका ना." मग म्हणाली, "मॅच नहीं हो रहा."

"त्याला सांग, मीच आहे."

"दाढीमुळे होतंय. जुन्या फोटोत तुम्ही एकदम क्लीन आहात."

तिनं पाच वेळा केलं. पाचही वेळा फोनच्या मते मी मी नव्हतो. स्वयंपाकघरातून कमल म्हणाली, "त्याचं काय चुकलं? मलाही नऊ दिवस वाटतंय, कोण येऊन बसलंय घरात."

"रेझर दे, आत्ता दाखवतो कोण आहे ते."

"बेसिनवर आहे."

"तो माझा नाही."

"मग बसा मेलेले," ती म्हणाली आणि कुकरची शिटी झाली.

मी चपला घातल्या आणि निघालो. आमचं घर पिपलानीच्या पलीकडेच आहे, पाय आपोआप जुन्या लाइनीकडे वळले. ते खिळ्याचं सांगितलंच. परत येताना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर सिद्दीकीभाई बसलेले. त्यांनी रिटायर होताच दाढी ठेवली, आता छातीपर्यंत आलीय. त्यांना सगळं सांगितलं.

"तो मियाँ, तुम तो गुज़र गए," ते म्हणाले. "हमने तो झगड़ा ही खत्म कर दिया. फोटू में भी दाढ़ी, मूँ पे भी दाढ़ी." थोडा वेळ चहा फुंकत बसले. मग खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. किल्ल्यांचा जुडगा होता, आणि जुडग्याला माझ्या हातची ती पितळी दांडी लटकवलेली. "रेझर तो कब का टूट गया," ते म्हणाले, "ये नईं टूटी." खाचा अजून शाबूत होत्या. मी अंगठा फिरवून पाहिला. भोंगा आता होत नाही, की मलाच ऐकू येत नाही, हे विचारायचं होतं, ते राहून गेलं.

घरी आलो तर मागच्या अंगणात उन्हात खुर्ची. स्टुलावर तांब्यात गरम पाणी, वाटी, ब्रश, तुरटी. भिंतीवर आरसा. आणि निळी डबी.

"करा," कमल म्हणाली.

"कुठं होता?"

"मशीनच्या खणात."

सगळं घर पालथं घातलं होतं, पिठाच्या डब्यात हात घातला होता, देवांच्या मागे पाहिलं होतं. तो खण मनातही आला नव्हता.

फेस मी झकास केला. ब्रशला हाताचं काही नसतं. मग रेझर उचलला. त्याचं ते वजन, त्या खाचा, सगळं ओळखीचं. वर नेला आणि उन्हाची तिरीप पितळेवर पडून समोरच्या भिंतीवर तिचा कवडसा उमटला, रुपयाएवढा. तो भिंतीवर थरथरत होता. मी पाहिलं. कमलनं पाहिलं. रेवा दारात उभी होती, तिनं पाहिलं आणि फोनमध्ये मान घातली. कवडसा थांबावा म्हणून मी कोपर पोटाशी घट्ट धरलं. तो आणखीच नाचायला लागला. फेसाचा गोळा माझ्या गुडघ्यावर पडला.

मला वाटतं, तेवढ्यात बेसिनवरचा तो निळा रेझर कोणी आणून दिला असता तर मी घेतलाही असता. कोणी आणला नाही.

"आरसा खाली लागलाय," मी म्हणालो.

कमलनं आरशाकडे नीट पाहिलं. "हो," ती म्हणाली, "खालीच लागलाय. आता वर कोण ठोकत बसणार. द्या इकडे."

शिवण उसवताना कापड ताणतात तसा तिनं डाव्या हातानं माझा गाल ताणला. उजव्या हातात रेझर. कोन तिला सांगावा लागला नाही, टाक्याखाली ब्लेड घालताना जो लागतो तोच तो. खर्र. मी डोळे मिटले. आवाज बरोबर होता.

आणि मग ती बोलायला लागली. पत्रा कापलेल्या कात्रीपासून सुरुवात केली. तिथून नव्या टॉवेलवर आली, तिथून पाचव्या ब्लेडवर. माझ्या मानेवर धारदार ब्लेड होतं, त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कात्रीच्या बाबतीत तिचं थोडं बरोबर आहे. नाकाखाली आली तेव्हा तिनं जीभ दातांत धरली, सुईत दोरा ओवताना धरते तशी. तुरटी फिरवली. एकाही जागी चुणचुणलं नाही. एकाही जागी. मला माझ्या अख्ख्या नोकरीत अशी दाढी जमली नव्हती, हे मी तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

रेवानं फोन धरला. पापणी मिटली, उघडली. हिरवा गोल आला.

"आजोबा, तुम्ही जिवंत आहात."

"एका वर्षापुरते," कमल म्हणाली, "पुढच्या नोव्हेंबरात परत बसा."

पण पुढच्या नोव्हेंबरापर्यंत थांबावं लागत नाही. आता बुधवारी आणि रविवारी सकाळी अंगणात खुर्ची पडते. निळा रेझरही वाया गेलेला नाही. त्यानं स्वेटरवरचे लोकरीचे गोळे फार छान निघतात, मी रेवाला तसं मुद्दाम सांगितलं, तिला बरं वाटलं.

काल सातवी दाढी झाली. कमल ब्लेड काढून कागदात गुंडाळायला लागली. मी म्हटलं, थांब, अजून त्याची नोकरी संपलेली नाही. काचेचा ग्लास घेतला, आत दोन थेंब पाणी टाकलं आणि ब्लेडवर बोट ठेवलं. पुढचं हात स्वतःच करायला लागला, इकडे तिकडे, इकडे तिकडे. काच आधी कुरकुरली आणि मग गप्प झाली. थोडा हलतो हात, पण या कामाला तसाच लागतो.